रुंद पायांसाठी चांगले काळे लेदर बूट निवडताना नेमकं काय बघायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: घोट्याच्या वर येणारे काळे लेदर बूट हवेत, पाय रुंद आहेत, म्हणून दर वेळी एक-दोन नंबर मोठा बूट घेता. तरी तो करंगळीला चावतो, टाच मागून सुटते आणि काही महिन्यांत चवड्याच्या बाजूला चामडं चिरतं. या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. तुमचा बूट लांबीला मोठा आहे, रुंदीला नाही.

हिशेब करून बघा. अमेरिकन मापात एक पूर्ण नंबर वाढला की लांबी सुमारे ८.५ मिमी वाढते आणि चवड्याभोवतीचा घेर साधारण ६ मिमी. रुंदी दाखवणारं अक्षर (क्रम डी, ई, डबल ई असा) एकाने वाढलं, म्हणजे डी ऐवजी ई घेतलं, तर घेर तेवढाच ६ मिमी वाढतो, पण लांबी जिथल्या तिथे राहते. आता डबल ई रुंदीच्या पायाला डी चा बूट १२ मिमी कमी पडतो. ही तूट नंबर वाढवून भरायची तर दोन नंबर वर जावं लागतं आणि १७ मिमी फुकटची लांबी गळ्यात पडते. बूट जिथे वाकायला हवा ती जागा त्यामुळे सुमारे १२ मिमी पुढे सरकते. पाय एका ठिकाणी वाकतो, बूट दुसऱ्या ठिकाणी. मग वरच्या चामड्याची घडी बोटांवर पडते, तळातली पोलादी पट्टी कमानीखाली न बसता पुढे येते आणि टाचेला धरून ठेवायला काहीच उरत नाही.

म्हणून आधी पाय नीट मोजा. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. बुटासोबत जे मोजे घालणार तेच घाला, कागदावर पूर्ण वजन देऊन उभे राहा आणि दुसऱ्या कुणालातरी पेन्सिल अगदी सरळ उभी धरून कड आखायला सांगा; पेन्सिल आत कलली की पाय अरुंद येतो. बसून काढलेलं माप रुंद पायाच्या बाबतीत हमखास कमी भरतं, कारण वजन पडल्यावरच चवडा पसरतो. चार मापं घ्या: टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत लांबी (ते बोट अंगठाच असेल असं नाही), टाचेपासून अंगठ्याच्या सांध्याच्या फुगवट्यापर्यंतचं अंतर, चवड्याची सर्वांत जास्त रुंदी, आणि शिंप्याच्या टेपने त्याच जागेचा घेर. शेवटी पायाच्या उंचवट्यावरून, लेस जिथे बांधतो तिथलाही घेर घ्या. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा. दुकानात धातूची सरकत्या पट्ट्यांची मापपट्टी असेल तर उत्तम. १९२० च्या दशकात चार्ल्स ब्रॅनॉक यांनी बनवलेलं ते साधन लांबी, सांध्यापर्यंतचं अंतर आणि रुंदी अशी तिन्ही मापं देतं. बहुतेक विक्रेते त्यातलं फक्त पहिलं वाचतात. तुम्ही तिन्ही वाचून घ्या, आणि सांध्याचं माप लांबीपेक्षा मोठा नंबर दाखवत असेल तर तोच नंबर धरा.

आता तुमचा पाय कोणत्या प्रकारे रुंद आहे ते ओळखा, कारण ‘रुंद पाय’ या एका नावाखाली निरनिराळे पाय येतात. चवडा रुंद पण टाच बारीक असा पाय सर्वांत जास्त आढळतो. तुमची टाच सुटते म्हणजे बहुधा तुमचाही हाच. त्याला पुढे ऐसपैस आणि मागे घट्ट असा बूट लागतो. काही पाय टाचेपासून बोटांपर्यंत सारखेच रुंद असतात. त्यांना रुंदीचं अक्षर वाढवणं पुरतं. काहींची रुंदी बेताची असते, पण पाय वरून उंच, मांसल असतो. त्यांना तळ रुंद नको, वरची जागा हवी. आणि अंगठ्याच्या सांध्याला हाड वाढलेलं असेल, तर तेवढ्याच जागी चामडं ताणून घेणं हा वेगळा उपाय आहे, त्यासाठी अख्खा बूट मोठा घेऊ नये.

फर्मा म्हणजे ज्या साच्यावर चामडं ओढून बूट बांधतात तो. कंपन्या त्याला लास्ट म्हणतात. बुटाची खरी ओळख नंबरात नसते, फर्म्यात असते. एकाच कंपनीच्या एकाच नंबराच्या दोन बुटांत फर्मा वेगळा असल्यामुळे एक हातमोज्यासारखा बसतो आणि दुसरा घालवतही नाही. चांगल्या कंपन्या फर्म्याचं नाव किंवा क्रमांक जाहीर करतात. तो शोधा, टिपून ठेवा. अमेरिकन सैन्यासाठी १९१२ मध्ये एडवर्ड मन्सन यांच्या अभ्यासावरून जो फर्मा ठरला तो आजही मन्सन लास्ट या नावाने वापरात आहे: अंगठ्याची बाजू सरळ, बोटांना पसरायला जागा, टाच मात्र आवळ. रुंद चवड्याच्या माणसाने निदान एकदा तो घालून पाहावाच. याउलट निमुळत्या टोकाच्या बुटात अक्षर कितीही वाढवा, करंगळी दबणारच, कारण बूट करंगळीच्या अलीकडेच आत वळायला लागतो.

अक्षरांच्या बाबतीत एक सावधगिरी. अमेरिकन पद्धतीत पुरुषांची नेहमीची रुंदी डी, स्त्रियांची बी. त्यापुढे ई, डबल ई, ट्रिपल ई असं वाढत जातं. ब्रिटिश पद्धतीत नेहमीची रुंदी बहुतेक ठिकाणी एफ, रुंद म्हणजे जी, त्याहून रुंद एच. म्हणजे अमेरिकन ई रुंद असतो, ब्रिटिश ई बहुधा नसतो. युरोपीय नंबर तर केवळ लांबी सांगतो. एक नंबर म्हणजे ६.६७ मिमी, रुंदीचा त्यात उल्लेखच नाही. स्त्रियांसाठी रुंद मापाचे दणकट बूट कमी मिळतात, तेव्हा पुरुषांच्या मापातही शोधावं: पुरुषांचा डी हा स्त्रियांच्या बी पेक्षा दोन पायऱ्या रुंद असतो, आणि अमेरिकन पद्धतीत स्त्रियांच्या नंबरातून दीड वजा केला की साधारण पुरुषांचा नंबर मिळतो.

बुटाच्या घडणीत माझी पहिली पसंती डर्बी पद्धतीच्या बुटाला, म्हणजे ज्यात भोकांच्या दोन्ही पट्ट्या वरून शिवलेल्या असतात आणि दारासारख्या पूर्ण उघडतात. ऑक्सफर्ड पद्धतीत त्या पट्ट्या खालून बांधलेल्या असतात, त्यामुळे उंच पायावर फाकतात आणि पुढे सैल करायला वावच राहत नाही. लेस बांधल्यावर दोन पट्ट्यांमध्ये दीड-दोन सेंटिमीटर समांतर फट राहिली तर घेर बरोबर आहे. पट्ट्या एकमेकींना चिकटल्या तर बूट तुमच्यासाठी फार मोकळा, आणि खाली जवळ, वर लांब अशी इंग्रजी व्ही सारखी फट पडली तर वरची जागा अपुरी. चेल्सी बूट लेसशिवायचे असतात. चवडा रुंद आणि टाच बारीक असेल तर ते टाळा, त्यांत घट्ट-सैल करण्याची सोयच नाही.

बुटाच्या टोकाला आतून एक कडक तुकडा बसवलेला असतो, त्यावरही नजर ठेवा. तो कधी चामड्याचा, कधी प्लास्टिकसारख्या पदार्थाचा असतो आणि तो ताणला जात नाही. तो करंगळीपर्यंत मागे आला असेल तर तिथे पुढे सैल होण्याची आशा सोडा. टोकावर अंगठ्याने दाबा: मऊ टोकाचा, साध्या पुढ्याचा बूट रुंद पायाला सर्वांत सोयीचा. टोकावर वेगळी टोपी शिवलेला बूट दिसतो देखणा, पण त्या शिवणीशी चामडं दुहेरी असतं आणि शिवण नेमकी करंगळीच्या सांध्यावर आली की चावते.

आता चामडं. काळ्या रंगाखाली बरंच काही लपतं, म्हणून काळा बूट तपकिरीपेक्षा जास्त बारकाईने बघावा लागतो. ओरखडे आणि डाग असलेलं कातडं घासून, वर प्लास्टिकचा जाड थर देऊन काळं केलं की लांबून ते छान चकाकतं. रुंद पायाचा ताण चवड्याच्या घडीवर जास्त येतो आणि हा थर तिथेच आधी तडकतो. एकदा तडकला की पॉलिशने भरून येत नाही. ‘जेन्युइन लेदर’ हा शिक्का फक्त ते चामडं आहे एवढंच सांगतो. तुम्हाला हवं ते फुल ग्रेन, म्हणजे कातड्याचा वरचा दाणा न घासलेलं. बाहेरून आतल्या बाजूला अंगठ्याने चामडं हलकेच दुमडून बघा: बारीक, दाट सुरकुत्या पडल्या तर तंतू घट्ट आहेत. मोठे, फुगल्यासारखे वळ उठले तर ते जनावराच्या पोटाकडचं ढिलं कातडं आहे; ते काही महिन्यांत तळाच्या कडेवरून बाहेर लोंबायला लागेल.

मग लेसच्या भोकांजवळ किंवा जिभेच्या कडेला, जिथे चामडं कापलेलं दिसतं, तिथे उजेडात बघा. कड आतपर्यंत काळी असेल तर रंग आरपार मुरलेला आहे आणि ओरखडा उठून दिसणार नाही. वर काळी रेघ आणि खाली तपकिरी असेल तर झिजेल तसा तपकिरी रंग वर येईल. काहींना तो मुद्दाम हवा असतो, पण कार्यालयात काळाभोर बूट हवा असेल तर घेऊ नका. खाली निळसर राखाडी दिसलं तर क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेल्या चामड्याला फक्त वरून रंग दिलाय. कडा रंगवलेल्या असल्या तर जिभेची आतली बाजू बघा. त्यानंतर ओलसर पांढरं सुती फडकं अस्तरावर घासा. काळं उतरलं तर मोज्यांवर आणि पायांवरही उतरणार.

जाडी १.८ ते २.२ मिमी असलेलं गाय-बैलाचं चामडं रोजच्या बुटाला पुरेसं आहे. क्रोमने कमावलेलं चामडं लवकर मऊ पडतं आणि रुंदीला थोडं सैल होतं. झाडांच्या सालींच्या अर्काने कमावलेलं सुरुवातीला कडक, पण पायाचा आकार चांगला धरतं. घोड्याच्या पुठ्ठ्याचं कॉर्डोव्हन चामडं जवळजवळ ताणलंच जात नाही. ते पहिल्या दिवशी जसं बसेल तसंच राहणार असं धरून चला.

तळाच्या बांधणीत स्टिचडाउन रुंद पायाला सर्वांत मानवते: वरच्या चामड्याची कड आत न वळवता बाहेर काढून तळावर शिवतात, त्यामुळे आत तळाशी जागा राहते. गुडइयर वेल्टही, म्हणजे कडेने शिवलेल्या पट्टीला सोल शिवण्याची पद्धतही, उत्तम. त्यात आतल्या तळव्याखाली बुचाचा थर असतो, तो दबून पायाचा ठसा घेतो आणि सोल झिजल्यावर बदलता येतो. नुसता चिकटवलेला तळ रुंद पायाखाली बाजूने उकलतो, कारण पाय तळाबाहेर ओघळला की प्रत्येक पावलाला तो जोड ओढला जातो.

बूट घालून बघताना टाच आधी मागे ठोकून बसवा, मगच लेस आवळा. सर्वांत लांब बोटापुढे १०-१५ मिमी जागा हवी. अंगठ्याचा सांधा बुटाच्या सर्वांत रुंद जागी यायला हवा. हे जुळत नसेल तर बाकी सगळं चांगलं असूनही तो बूट परत ठेवा. नव्या बुटात टाच ३ ते ६ मिमी उचलली तर काळजी नको, तळ वाकायला लागला की ती बसते. चवड्याला सगळीकडून सारखी पकड जाणवली तर ठीक. एकाच बिंदूवर टोचत असेल किंवा दहा मिनिटांत बोटं बधिर झाली तर नाही. वरून बघा: चामडं तळाच्या कडेबाहेर फुगून आलंय का? आलं असेल तर पाय तळावर उभा नाही, चामड्यावर उभा आहे. आतला पॅड निघत असेल तर तो काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पाय दोन्हीकडून काही मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर आला की निर्णय झाला.

‘वापरून सैल होईल’ असं विक्रेता म्हणेल. रुंदीला काही मिलिमीटर होईल, लांबीला अजिबात नाही. मोची लाकडी किंवा यंत्राच्या ताणण्यावर घालून साधारण अर्ध्या अक्षराएवढी जागा काढून देऊ शकतो. त्यापुढे ताणलं तर शिवण सुटते. हेअर ड्रायरने तापवणं किंवा बूट पाण्यात भिजवणं नको, चामडं कोरडं पडून आकसतं. मिंक ऑइलसारखी तेलंही बेतानेच वापरा, जास्त तेलाने चामडं मऊ पडून बाजूने लोंबतं. चवड्यावर दाब येत असेल तर सर्वांत खालची भोकांची जोडी सोडून लेस ओवा, आणि टाच सुटत असेल तर घोट्याजवळ लेसला एक जादा वेढा घेऊन आवळा. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर मात्र ‘चालवून घेऊ’ हा विचारच नको. जखम झालेली कळत नाही, तेव्हा पायाच्या डॉक्टरांना दाखवून माप ठरवा.

पहिले आठ-दहा दिवस घरातच, स्वच्छ फरशीवर, रोज तासभर घाला. तळ कोरा राहतो, त्यामुळे बदलून घ्यायची वेळ आली तर अडचण येत नाही. दुकानातून घेताना बदलण्याची मुदत विचारून ठेवा आणि घरात घालून बघणं त्या मुदतीच्या आतच उरका.