वाचकांचे प्रश्न : उत्खननाविना पुरातत्त्वाचे प्रशिक्षण

प्रश्न : मी इतिहासात एम. ए. करीत आहे. आमच्या विभागात डिजिटल पुरातत्त्वाची प्रयोगशाळा सुरू होत असून प्रशिक्षणात सॉफ्टवेअरची लांबलचक यादी आहे, उत्खनन मात्र नाही. यातून काही हाती लागेल का आणि सुरुवात कशापासून करावी?
– एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : सॉफ्टवेअरची यादी तूर्त बाजूला ठेवा आणि विभागाच्या संग्रहातील एखादे खापर मागून घ्या. ते फिरत्या पाटावर ठेवून, झूम न बदलता आणि फ्लॅश न वापरता, प्रत्येक छायाचित्रात आधीच्या छायाचित्राचा निदान ६० ते ८० टक्के भाग येईल अशा बेताने सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या. मेशरूमसारखे मोफत सॉफ्टवेअर त्यांतून त्रिमित प्रतिकृती तयार करते. शेजारी मापपट्टी ठेवली नसेल, तर ती प्रतिकृती दिसायला कितीही सुबक असली तरी तिच्यावरून भांड्याच्या काठाचा व्यास काढता येत नाही. तेर येथे सापडणाऱ्या भाजल्या मातीच्या वस्तूंवर ही पद्धत चांगली चालते, पण काचेच्या मण्यांवर फसते, कारण पारदर्शक आणि चकचकीत पृष्ठभागावर संगणकाला जुळवण्याजोगे स्थिर बिंदू मिळत नाहीत. असे फसलेले प्रयोगही नोंदवहीत कारणासह लिहिण्याचा आग्रह शिक्षकांनी धरावा, असे माझे मत आहे.

झिजलेल्या वीरगळांसाठी आणि शिलालेखांसाठी वेगळी रीत आहे. कॅमेरा एका जागी स्थिर ठेवून, शेजारी चकचकीत काळा गोळा ठेवून, प्रकाश निरनिराळ्या दिशांनी आणि कोनांतून टाकत छायाचित्रे घेतली, की गोळ्यावरील चमकेवरून संगणक प्रकाशाची दिशा ओळखतो आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारी अक्षरवळणे उठून येतात. याचा सराव प्रयोगशाळेत झिजलेल्या नाण्यावरही करता येतो.

मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनी सर्वाधिक वेळ द्यावा तो नकाशांना. जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि पैठणच्या वरच्या अंगाचा गोदाकाठ नाथसागर या त्याच्या जलाशयाखाली गेला. परंतु अमेरिकेच्या ‘कोरोना’ या हेरगिरी करणाऱ्या उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात टिपलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली असून, त्यांतील धरणाआधीच्या छायाचित्रांवर पांढरीची (जुन्या वस्तीच्या मातीची) टेकाडे आणि जुन्या गाडीवाटा शोधता येतात. ही छायाचित्रे कडांकडे ताणलेली असतात, म्हणून आजही जागेवर असलेली मंदिरे किंवा रस्त्यांचे तिठे धरून ती क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बसवावी लागतात. येथे एक बारकावा अनेकांना चकवतो. यूटीएम या, पृथ्वीचे रेखांशांनुसार सहा-सहा अंशांचे पट्टे पाडणाऱ्या नकाशापद्धतीत ७८ अंश पूर्व रेखांशावर पट्टा बदलतो, त्यामुळे माहूर ४३व्या पट्ट्यात तर किनवट ४४व्या पट्ट्यात येते, आणि पट्टा चुकीचा निवडला की एकाच जिल्ह्यातील स्थळे नकाशावर शेकडो किलोमीटर सरकतात.

प्रश्न : आमच्या तालुक्यातील प्राचीन मंदिराचे ड्रोनने चित्रण करता येईल का?
– एक वाचक, देगलूर

उत्तर : मंदिर केंद्राच्या संरक्षित यादीत असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची, राज्याच्या यादीत असल्यास राज्य पुरातत्त्व संचालनालयाची परवानगी आधी घ्यावी, ड्रोन उडवण्याचे २०२१ चे नियम त्याखेरीज लागू होतात. ड्रोनमुळे शिखराची आणि परिसराची नोंद उत्तम होते. छज्जाखालचे कोरीवकाम, द्वारशाखा (दाराच्या चौकटीवरील कोरीव पट्ट्या) आणि मंडपाचे छत यांच्यासाठी मात्र कॅमेरा घेऊन आत उभे राहावे लागते.