तेल्च (चेक प्रजासत्ताक) या छोट्या गावाचा इतिहास काय आहे? एका चौकाशिवाय तिथे पाहण्यासारखं काही आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे की प्राग आणि चेस्की क्रुम्लोव झाल्यावर एक दिवस हाताशी उरतो, तर तो तेल्चला घालवावा का. आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की तिथे एक चौक सोडला तर काहीच नाही. मी ब्र्नोला राहतो. तेल्च इथून पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरवर, त्यामुळे भारतातून कुणी आलं की मी त्यांना बहुतेकदा तिकडेच नेतो. सांगणाऱ्याचं तसं बरोबर आहे, तेल्च म्हणजे मुख्यतः एक चौक. फक्त तो असा का दिसतो हे माहीत नसेल तर माणूस अर्ध्या तासात फोटो काढून मोकळा होतो, म्हणून आधी थोडा इतिहास सांगतो.

हा भाग व्हिसोचिना प्रांतात येतो, म्हणजे बोहेमिया आणि मोराव्हिया या चेक देशाच्या दोन जुन्या भागांच्या सीमेवरचं उंच, थंड पठार. बटाटा, राय नावाचं धान्य, जंगल आणि तळी. मोठी नदी नाही, मोठा कारखाना नाही. गावाची वस्ती आजही पाच-साडेपाच हजार. इतिहासात तेल्च पहिल्यांदा ठळकपणे दिसतं ते चौदाव्या शतकात, तेही गहाण पडलेली मालमत्ता म्हणून. बोहेमियाचा राजा यान सतत लढायांवर आणि सतत कर्जात. त्याचा मुलगा कारेल, जो पुढे सम्राट चौथा चार्ल्स झाला, इटलीहून परतला तेव्हा राजघराण्याचे बहुतेक किल्ले सावकारांकडे अडकलेले होते. त्याने ते एकेक करून सोडवले आणि स्वतःच्या आत्मचरित्रात त्यांची यादीही दिली. त्या यादीत तेल्च आहे. पण सोडवलेलं तेल्च त्याने फार काळ ठेवलं नाही. १३३९ साली बानोव्ह नावाच्या सीमेवरच्या किल्ल्याच्या बदल्यात ते ह्रादेत्सच्या (म्हणजे आजच्या यिंद्रझिखूव ह्रादेत्सच्या) सरदारांना देऊन टाकलं. कारेलला हंगेरीकडची सीमा राखायची होती, सरदारांना आपल्या जहागिरीला लागून असलेला मुलूख हवा होता. दोघांचंही काम झालं.

आज दिसणारं गाव मांडलं ते या ह्रादेत्सकरांनी. जमिनीची एक चिंचोळी जीभ, तिच्या दोन्ही अंगांना तळी, एका टोकाला किल्ला, आणि मधली सगळी जागा बाजाराला. तळी नैसर्गिक नाहीत, बांध घालून केलेली आहेत. त्यांत मासे वाढवायचे आणि शत्रू आला की तोच खंदक, अशी दुहेरी सोय. गावात शिरायला दोनच वेशी होत्या, दोन्ही अजून उभ्या आहेत. चौक लांबट आणि निमुळता आहे तो या जमिनीच्या आकारामुळेच; कुणा नगररचनाकाराने सौंदर्यासाठी तसा काढलेला नाही.

चौकातली घरं पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: प्रत्येक घर दुकान होतं. समोरची बाजू अरुंद, कारण बाजाराला तोंड असलेली जागा सगळ्यांनाच हवी होती. घर मात्र मागे लांबच लांब गेलेलं, थेट तळ्याच्या दिशेने. पुढे कमानींखालची ओवरी, तिच्या आत मालाची देवघेव करायची घुमटाकार छताची खोली, वर राहायची जागा, मागे अंगण आणि गोठे. जेजुरीला देवळाभोवती ओवऱ्या आहेत तशा इथे बाजाराभोवती आहेत असं समजा. जवळजवळ अख्खा चौक पावसात न भिजता फिरता येतो. बाजाराच्या दिवशी पाऊस आला तरी धंदा थांबत नसे.

आता आगीबद्दल. चौदाव्या शतकाच्या अखेरीस गाव जळलं आणि लाकडाच्या जागी दगड आला. १५३० साली पुन्हा मोठी आग लागली. या दुसऱ्या आगीनंतर घरं नव्याने उभी राहत होती, त्याच सुमारास, १५५० मध्ये, तेल्चची सत्ता आली याच ह्रादेत्स घराण्यातल्या झाखारियाश या तरुण सरदाराकडे. तो पुढच्याच वर्षी इतर चेक सरदारांबरोबर जिनोव्हाला जाऊन आला होता. स्पेनहून परतणाऱ्या राजपुत्र मॅक्सिमिलियनच्या स्वागताला ही मंडळी गेली होती. तिथले वाडे त्याने पाहिले आणि परतल्यावर घरचा गॉथिक किल्ला त्याला फारच कोंदट वाटला असावा. कारण मग त्याने बांधकाम काढलं ते जवळपास तीस वर्षं चालू ठेवलं. बायको काटेरझिना ही वाल्डश्टाइन घराण्यातली, तिच्याकडूनही पैसा आला. तो स्वतः पुढे मोराव्हियाचा प्रांतप्रमुख झाला. सुरुवातीला जुन्या भिंतींवर स्ग्राफिटो करून घेतलं, म्हणजे गडद गिलाव्यावर फिका थर देऊन तो ओला असतानाच खरवडून काढलेली चित्रं. नंतर बाल्दास्सारे माज्जी नावाचा स्थपती आणला. हा आजच्या स्वित्झर्लंडमधल्या इटालियन भाषिक अरोन्योचा. त्याने दक्षिणेकडे नवा वाडा, कमानींची अंगणं आणि बाग उभी केली.

सरदाराने इटालियन थाट आणला म्हटल्यावर बाजारातले लोक मागे कसे राहतील? चौकातलं ६१ नंबरचं घर पाहा. ते मिखाल नावाच्या बेकरीवाल्याचं होतं, आणि त्याच्या माथ्यावरच्या गोलाकार कंगोऱ्यांचा थाट चक्क वाड्याचा आहे. पाव विकून हे जमत असेल तर गावात पैसा किती फिरत होता याचा अंदाज येतो. १५ नंबरच्या कोपऱ्यावरच्या घरावर स्ग्राफिटोमध्ये बायबलमधले प्रसंग आहेत; तिथे थांबा, कारण ते रस्त्यावर उभं राहून फुकट पाहता येतं. बाकीची घरं मात्र सगळी झाखारियाशच्या काळातली समजू नका. कित्येक दर्शनी भिंती नंतरच्या बरोक काळातल्या आहेत, काही त्याहूनही अलीकडच्या. गुलाबी, पिस्ता, लिंबू असे रंग तर पुनःपुन्हा दिलेले. एकसंध आहे तो मांडणीचा आराखडा आणि खालच्या कमानी. माहितीपत्रकं या सगळ्याला सरसकट 'रेनेसाँ चौक' म्हणतात तेव्हा मला थोडी चिडचिड होते.

शिवाय ती माथ्यावरची नक्षीदार त्रिकोणी टोकं पुष्कळदा नुसती समोरची भिंत असते, मागे साधं उतरतं छप्पर. हे पाहायचं असेल तर वेशीतून बाहेर पडून उलीत्स्की तळ्याच्या काठाने चक्कर मारा. तिकडून तीच घरं मागून दिसतात: साध्या भिंती, परसबागा, वाळत घातलेले कपडे. माझ्या मते तेल्च खरं समजतं ते या बाजूने, आणि सहलीच्या बसमधून आलेले लोक इकडे सहसा फिरकत नाहीत.

झाखारियाश १५८९ साली वारला. मुलगा हयात नव्हता, म्हणून जहागीर पुतण्याकडे गेली. १६०४ मध्ये ह्रादेत्स घराण्यातला शेवटचा पुरुषही गेला आणि सगळं आलं त्याच्या बहिणीच्या नवऱ्याकडे. हा नवरा म्हणजे व्हिलेम स्लावाता. नाव ओळखीचं वाटत नसेल, पण प्रसंग तुम्ही शाळेत वाचला असेल: १६१८ साली प्रागच्या किल्ल्यात चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन प्रतिनिधींना आणि एका लेखनिकाला खिडकीतून खाली फेकलं आणि त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. त्या दोघांपैकी एक हा तेल्चचा मालक. तिघेही वाचले. कॅथलिकांनी श्रेय मेरीमातेला दिलं, विरोधकांनी खालच्या उकिरड्याला.

याच घराण्यातल्या फ्रान्तिश्का स्लावातोव्हा या विधवेने सतराव्या शतकाच्या मध्यात जेझुइटांना, म्हणजे शाळा चालवणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाला, बोलावलं. वाड्याला लागून जे विद्यालय आणि येशूच्या नावाचं चर्च आहे ते त्यांचंच. चौकाच्या मध्यावरचा मेरीस्तंभ १७१७ ते १७२० दरम्यानचा. पुढे मालक बदलत गेले, शेवटचे पोद्स्तात्स्की-लिख्टेनश्टाइन. १९४५ मध्ये त्यांच्याकडून वाडा सरकारजमा झाला.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सतराव्या शतकानंतर तेल्चमध्ये विशेष काही घडलंच नाही. स्लावाताचं मुख्य ठाणं यिंद्रझिखूव ह्रादेत्सला. तेल्चचा वाडा दुय्यम, मग तो पाडून नव्या फॅशनचा बांधण्याइतका खर्च कोण करणार? रेल्वे आली १८९८ साली, तीही मुख्य मार्गावरची नव्हे, फाट्यावरची. कारखाने यिहलावासारख्या शहरांत गेले. श्रीमंत गावांनी एकोणिसाव्या शतकात जुने चौक पाडून बँका आणि हॉटेलं उभारली. तेल्चकडे त्यासाठी पैसाच नव्हता. १९७० मध्ये सरकारने जुन्या गावाला संरक्षण दिलं आणि १९९२ मध्ये प्राग आणि चेस्की क्रुम्लोवच्या बरोबरीने युनेस्कोच्या यादीत नाव लागलं. म्हणजे या देशातल्या पहिल्या तीन जागांपैकी एक जागा या आडबाजूच्या बाजारगावाची.

वाड्यात काय पाहावं? रेनेसाँ दालनांची सहल घ्या. छतं पाहत चला, विशेषतः सोनेरी दालनाचं: लाकडाचे खोल अष्टकोनी कप्पे आणि त्यात कोरीव आकृत्या. एका दालनात शेवटच्या मालकांपैकी एकाने आफ्रिकेत मारलेल्या जनावरांची मुंडकी आहेत, ती मला तरी नकोशी वाटतात. तिथे रेंगाळू नका. ऑल सेंट्सचं छोटं देवघर मात्र चुकवू नका. मध्यभागी झाखारियाश आणि काटेरझिना यांची संगमरवरी समाधी आहे, भोवती लोखंडी जाळी.

उंचावरून पाहायचं तर होली स्पिरिटचा मनोरा. हा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे चौकापेक्षाही जुना. जवळजवळ ४९ मीटर उंच. सेंट जेम्स चर्चच्या मनोऱ्यावरही चढता येतं. दोन्ही करायची गरज नाही. गुडघे कुरकुरत असतील तर एकही नको.

जेवणाचं सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. शाकाहारी असाल तर स्माझेनी सिर, म्हणजे चीजचा जाड तुकडा पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला, सोबत बटाटे. बटाट्याचं सूप या पठाराची खासियत आहे, पण त्यात मांसाचं पाणी असू शकतं, विचारून घ्या. मासे खाणाऱ्यांना कार्प मिळतो. काट्यांचा सराव असलेल्या कोकणी माणसाला तो जड जाणार नाही, चव मात्र गोड्या पाण्याची.

सोमवारी जाऊ नका, चेक सरकारी वाडे-किल्ले त्या दिवशी सहसा बंद असतात. हिवाळ्यातही वेळा आधी तपासा. प्रागहून एका दिवसात जाऊन येणं होतं, पण प्रवासात चार-पाच तास जातात. शक्य असेल तर रात्री तिथेच राहा, कारण संध्याकाळी बसगाड्या गेल्या की चौकात गावची माणसं दिसायला लागतात. स्वतःची गाडी असेल तर दुसऱ्या दिवशी दक्षिणेला दाचित्सेवरून जा. साखरेचा चौकोनी खडा तिथल्या कारखान्यात जन्माला आला, पेटंट १८४३ चं, आणि गावकऱ्यांनी त्याचं चक्क एक स्मारक उभारलंय. तिथून पुढे ऑस्ट्रियाच्या सीमेलगत स्लावोनित्से आहे. तिथली स्ग्राफिटोची घरं तेल्चपेक्षा सरस आहेत असं माझं मत, पण ते तेल्चमध्ये बोलू नका.