अप्रेंटिस म्हणजे वर्षभराची हमाली?

“आयटीआय झालं, दोन कंपन्यांनी ‘काही येत नाही’ म्हणून परत पाठवलं. आता तिसरी अप्रेंटिस म्हणून घ्यायला तयार आहे. वर्षभर राबवून घेतील आणि सोडून देतील, मग काय?” आयटीआयचे निकाल लागले की कोल्हापुरात करिअर समुपदेशकांकडे हा प्रश्न हमखास येतो. इथे दिलेली केस करवीर तालुक्यातल्या एका कुटुंबाची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा टर्नर ट्रेडचा, म्हणजे लेथवर कातकाम शिकलेला, मार्क चांगले. बोलत होते ते वडीलच. “मॅडम, दोन वर्षं शिकवलं, आता परत शिकायलाच पाठवायचं व्हय? शेजारचं पोरगं बारावी नापास. कंत्राटदाराकडनं लागलं, महिन्याला बारा हजार आणतंय.”

मुलाला एवढंच विचारलं, की कंपनीत नेमकं काय झालं? गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझरने मशीनवरून नुकतंच उतरवलेलं कास्टिंगचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, हाउसिंग त्याच्या हातात दिलं. ड्रॉइंगवर बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, 50 एच7. पास की रिजेक्ट? मुलाने व्हर्नियर लावला, 50.02 वाचलं आणि पास म्हणाला. मुलाखत तिथेच संपली.

चूक कुठे झाली ते मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं. 50 एच7 म्हणजे 50.000 ते 50.025 मिमी. व्हर्नियरचा लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारं सर्वात लहान माप) 0.02, म्हणजे अख्खी टॉलरन्स (मापात चालणारा फरक) त्याच्या जेमतेम एका घराची. इथे प्लग गेज (भोकात घालून बघायचा ठरावीक मापाचा दंडगोल) नाहीतर मास्टर रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या कड्यावर, शून्य केलेला बोअर गेजच लागतो. त्यात जॉब (मोजायचा तुकडा) गरम. खोलीपेक्षा 20 अंश गरम असलेलं 50 मिमीचं कास्ट आयर्न साधारण 0.011 मिमी फुगलेलं असतं. गरमपणी 50.005 दाखवणारा बोअर गार झाल्यावर 49.994 भरतो, म्हणजे रिजेक्ट. अनुभवी ऑपरेटर आधी जॉब गार होऊ देतो, मग मोजतो.

यात पोरगं मठ्ठ नाही आणि निदेशकही कामचुकार नाहीत. आयटीआयत बहुतेक जॉब माइल्ड स्टीलच्या बारवर, ढिल्या टॉलरन्सचे होतात. वीसेक मुलांच्या तुकडीत सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर, प्रत्येकाचा हात किती वेळ बसणार? कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुनी माणसं मेस्त्रीच्या हाताखाली उभं राहून हेच शिकली. आता ती मधली पायरी कुणाच्याच वाट्याची राहिलेली नाही. आयटीआयला वाटतं कंपनी शिकवेल, कंपनीला वाटतं आयटीआयने शिकवून पाठवावं.

म्हणून आधी “काही येत नाही” याची फोड करून घेतली. अप्रेंटिस घ्यायला तयार असलेल्या कंपनीकडून काय यायला हवं ते लिहून मागितलं. चारच गोष्टी आल्या: मोजमाप, ड्रॉइंगवरच्या खुणा, इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) निवड आणि वेअर ऑफसेट, म्हणजे पातं झिजल्यावर मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती. शेवटच्या गोष्टीत नवी मुलं हटकून अडकतात. लेथवर प्रोग्राम सहसा व्यासात असतो. बाहेरचा व्यास 0.04 मोठा आला तर एक्सच्या (व्यासाच्या दिशेच्या) वेअरमध्ये उणे 0.04 टाकायचं. त्रिज्या समजून निम्मं टाकलं तर 0.02 जादाच राहतं, चिन्ह चुकलं तर पुढचा जॉब 0.08 मोठा. बोअर लहान आला तर मात्र ऑफसेट अधिक.

ही यादी निदेशकांना दाखवली. त्यांनी कंपनीकडून पंधरा-वीस रिजेक्ट कास्टिंग, त्यांची ड्रॉइंग आणि तपासणी अहवाल मागून घेतले. मुलांनी बोअर गेजने मोजायचं आणि मग अहवालाशी ताडून बघायचं. कंपनीचं भंगार, आयटीआयची टेबलं, खर्च जवळपास शून्य. एखाद्या सामंजस्य कराराच्या फोटोपेक्षा हे काम मोलाचं.

आता वडिलांच्या भीतीविषयी. ती खोटी नाही. काही ठिकाणी अप्रेंटिसला वर्षभर जॉब चढवायला-उतरवायला आणि बर (कापलेल्या कडेचे कंगोरे) काढायला उभं करतात. शिवाय अप्रेंटिस कायद्यानुसार वर्ष संपल्यावर नोकरी द्यायला कंपनी बांधील नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. त्यामुळे काही कंपन्या नुसता आकडा भरतात.

ओळखायचं कसं? पहिली खूण म्हणजे करार राष्ट्रीय अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला आणि त्याचा नंबर मुलाच्या हातात. तो नसेल तर शेवटी परीक्षा नाही आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्रही नाही, उरते ती फक्त हमाली. दुसरी, कामाची फेरी कागदावर. या मुलाला दोन महिने तपासणी, पाच महिने सीएनसी टर्निंग, तीन महिने टूल सेटिंग आणि दोन महिने व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन) असं लिहून मिळालं. लॉगबुकवर दर आठवड्याला सुपरवायझरची सही. तिसऱ्या महिन्यातही रकान्यात “लोडिंग” एवढंच दिसत असेल तर गप्प बसायचं नाही.

पैशांचा हिशेबही मांडला. 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्या अप्रेंटिसला महिन्याला किमान 7000 रुपये विद्यावेतन ठरलं होतं. करार करताना चालू दर पोर्टलवर बघावा. प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा उचलतं, पण कमाल 1500. म्हणजे 7000 धरले तर कंपनीचे 5500. शेजारच्या पोराच्या बारा हजारांपुढे मुलाचे 7000 म्हणजे वर्षाला 60,000 ने कमी. घरावर कर्ज असेल तर हा आकडा झटकून टाकता येत नाही आणि अशा घराला कंत्राटी नोकरी घेऊ नका म्हणणंही बरोबर नाही. या घरात दुधाचा पगार चालू होता, म्हणून वर्ष निभणार होतं. वडिलांनी ते स्वतःच मोजलं आणि होकार दिला.

महिना उलटूनही कंपनीने करार नंबर दिला नाही, तर आधी आयटीआयच्या प्लेसमेंट निदेशकांना सांगावं. तरीही हललं नाही तर जिल्ह्याच्या बीटीआरआय केंद्रात, म्हणजे अप्रेंटिसशिपचं काम बघणाऱ्या सरकारी केंद्रात, लेखी अर्ज द्यावा. सोबत हजेरीचा पुरावा आणि बँक पासबुकाची झेरॉक्स जोडावी, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.