ज्यू अभ्यासातल्या ऑनलाइन समर रायटिंग ग्रुपमध्ये नेमकं काय चालतं? पुण्यातून त्यात भाग घेण्यात अर्थ आहे का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: पीएचडी बेने इस्राएलांवर (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजावर), गाइड इतिहासाचे पण ज्यू अभ्यासातले नाहीत, दोन प्रकरणं अडकलेली, आणि अमेरिकेतल्या संशोधकांच्या ऑनलाइन गटात जावं की नाही ते ठरत नाहीये. माझं मत: जरूर जा. पण तिथे बेने इस्राएलांचा जाणकार भेटेल या आशेने जाऊ नका. एका गटात तालमूदवाला (तालमूद म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ), यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) साहित्यवाली, होलोकॉस्टच्या इतिहासावर काम करणारा आणि इस्रायलच्या राजकारणावर लिहिणारी असे सगळे एकत्र असतात. तिथे विषय शिकायचा नसतो, ठरल्या वेळी लिहायला बसायचं असतं.

असे गट अमेरिकेतली असोसिएशन फॉर ज्यूइश स्टडीज ही अभ्यासकांची संस्था (स्थापना 1969) सभासदांसाठी जुळवून देते. विद्यार्थ्यांना सभासद-शुल्क कमी असतं. नाव नोंदवायच्या अटी त्या-त्या वर्षीच्या सूचनेत वाचा. तिथे जमलं नाही तर पाच-सहा जणांनी आपला आपण काढलेला गटही तितकाच चालतो, फक्त वेळापत्रक सांभाळणारा एक माणूस हवा.

आधी वेळेचं गणित. अमेरिकेचं ‘समर’ म्हणजे आपला पावसाळा. मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत तिकडे सुट्टी, तर जून-जुलैत आपली कॉलेजं सुरू होतात. शिकवत असाल तर संध्याकाळच घ्यावी लागेल, आणि सुदैवाने ती बहुतेकांना सोयीची पडते. न्यूयॉर्कला सकाळचे 10 वाजतात तेव्हा लंडनला दुपारचे 3, जेरुसलेमला संध्याकाळचे 5 आणि पुण्यात साडेसात. लॉस एंजेलिसवाल्यांना मात्र सकाळी 7ला उठून बसावं लागतं, त्यामुळे तिथले दोनच्या वर असतील तर तास पुढे सरकणार हे गृहीत धरा. वार सोमवार ते गुरुवारमधलेच निवडा. शुक्रवारी त्या वेळी जेरुसलेममध्ये शब्बाथची (शुक्रवारी सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या साप्ताहिक विश्रांतीची) तयारी चालू असते. रविवार इस्रायलमध्ये कामाचा वार असतो, पण अमेरिकेत सुट्टीचा. शिवाय इस्रायली विद्यापीठांचं दुसरं सत्र जूनअखेरीपर्यंत किंवा त्याच्याही पुढे चालतं. तिथला सभासद जूनमध्ये गैरहजर राहिला तर तो टाळतोय असं समजू नका, तो शिकवत असतो.

दुसरं गणित सणांचं, आणि नवीन गटांचं घोडं इथेच पेंड खातं. शावुओत हा ज्यू सण मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत कधीही येतो. इस्रायलमध्ये तो एक दिवस असतो, बाहेरचे बरेच जण दोन दिवस पाळतात. जुलैत 17 तम्मूजचा (ही ज्यू पंचांगातली तारीख) उपास येतो (क्वचित जूनअखेरीस) आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी तिशा बआव, म्हणजे आपल्याकडच्या बेने इस्राएल घरांतला बिरड्याचा रोजा. तो संध्याकाळी सुरू होतो आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत चालतो. त्या दिवशी निम्मा गट येणार नाही. वार काढायची सोपी युक्ती आहे: पेसाह या वसंतातल्या सणाचा पहिला दिवस ज्या वारी, त्याच वारी त्या वर्षीचा तिशा बआव. शनिवार आला तर उपास रविवारवर ढकलतात. एप्रिलमध्येच हे बघून तारखा ठरवल्या की पुढे तारखा हलवायच्या ईमेलचा पाऊस पडत नाही.

आता प्रत्यक्ष बैठक. माणसं पाच किंवा सहा. तिघंच असतील तर एक आजारी पडला की गट संपला, आणि आठ झाली की नुसतं ‘आज काय करणार’ सांगण्यातच वीस मिनिटं जातात. बैठक 90 मिनिटांची, आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. पहिली 5 ते 8 मिनिटं प्रत्येकाने एका वाक्यात आजचं काम चॅटमध्ये टाइप करायचं. तोंडी सांगण्यापेक्षा हे बरं, कारण शेवटी तेच वाक्य समोर असतं. मग 35 मिनिटं माइक बंद करून लिहायचं, 5 मिनिटं उठायचं, परत 35 मिनिटं, आणि उरलेल्या वेळात झालं की नाही एवढंच सांगायचं. का झालं नाही यावर चर्चा नको. ती सुरू झाली की बैठकीचा विरंगुळा होतो.

त्या एका वाक्यावर सगळं अवलंबून असतं. ‘प्रकरण 2 पुढे नेणार’ हे काम नव्हे. ‘केहिमकरांचं पुस्तक 1897 मध्ये लिहून झालं आणि 1937 मध्ये तेल अवीवला छापलं गेलं, या चाळीस वर्षांच्या अंतराचा नवगावच्या कथेच्या वापरावर काय परिणाम होतो, यावर 300 शब्द’ हे काम (केहिमकर म्हणजे बेने इस्राएलांचा इतिहास लिहिणारे, आणि नवगावची कथा म्हणजे जहाज फुटून पूर्वज तिथे किनाऱ्याला लागल्याची). ‘1874च्या पुण्याच्या हग्गादाच्या मराठी मजकुरावर दोन परिच्छेद, तळटीपा नंतर’ हेही (हग्गादा म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी). 70 मिनिटांत नवीन मजकूर 300-400 शब्दांच्या वर क्वचितच होतो. त्याहून मोठं लक्ष्य धरणारा चौथ्या आठवड्यापासून कॅमेरा बंद ठेवतो आणि सहाव्यापासून येत नाही.

आपल्या क्षेत्राचा खास रोग म्हणजे संदर्भ शोधत बसणं. सेफारिया ही ज्यू धर्मग्रंथांची वेबसाइट उघडायची, एका वचनावरून दुसऱ्यावर जायचं, तिथून इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या हस्तलिखितांच्या कॅटलॉगमध्ये शिरायचं, आणि 35 मिनिटं गेली. अभ्यास झाल्यासारखं वाटतं, पान मात्र कोरं. उपाय साधा: संदर्भ अडला की मजकुरात चौकोनी कंसात ‘शोधा’ लिहायचं आणि पुढे जायचं. शोधायचं काम दुसऱ्या वेळी, गटाबाहेर.

मजकूर एकमेकांना वाचायला द्यायचा असेल तर ती बैठक वेगळी ठेवा. मूक लेखन आणि अभिप्राय एकाच तासात कोंबले की अभिप्राय सगळा वेळ खातो. आठपैकी तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या आठवड्यात एकेक अभिप्रायाची बैठक, दर वेळी दोन जण, प्रत्येकी 40 मिनिटं. सहा जणांची एकेक पाळी बरोबर बसते. मजकूर 3,000 शब्दांच्या आत, पाच दिवस आधी पाठवायचा, आणि सोबत तीनच प्रश्न. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न धरत नाहीत. ‘शनिवार तेली म्हणजे कोण हे दुसऱ्या पानापर्यंत कळतं का?’ हा प्रश्न चांगला (शनिवारी काम बंद ठेवणारे तेली, म्हणून बेने इस्राएलांना पडलेलं नाव). तुम्हाला त्या गटाचा खरा फायदा इथेच आहे. कोकण, तेल गाळण्याचा धंदा, जात, गावावरून पडलेली आडनावं हे तुम्ही गृहीत धरता, आणि लिथुआनियाच्या येशिवांवर (ज्यू धर्मशिक्षणाच्या पाठशाळांवर) लिहिणाऱ्याला त्यातलं काही ठाऊक नसतं. तो जिथे अडतो तिथेच परदेशी नियतकालिकाचा परीक्षक अडणार.

लिप्यंतराचं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाका. हिब्रूला लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत किंवा ज्या नियतकालिकाला पाठवणार त्यांची, यिद्दिशला यिवो या संशोधन संस्थेची, मराठीला आयएसओ 15919. तिन्ही एका लेखात आल्या तर पहिल्या तळटीपेत तसं सांगायचं. मराठीतला शब्दान्तीचा ‘अ’ गाळणार की ठेवणार हेही तिथेच, नाहीतर एकच आडनाव तीन प्रकारे छापलं जाईल.

एक तांत्रिक त्रास जवळजवळ प्रत्येकाच्या फाइलमध्ये निघतो. इंग्रजी परिच्छेदात (उजवीकडून डावीकडे लिहिला जाणारा) हिब्रू शब्द टाकून पुढे पानांचे आकडे लिहिले की आकडे उडी मारून शब्दाच्या डाव्या बाजूला जातात, आणि मधे लांब डॅश असेल तर 12–15 चं 15–12 दिसतं. पुन्हा टाइप करून काही होत नाही, कारण संगणक त्या आकड्यांना हिब्रूचाच भाग समजतो. हिब्रू शब्दाच्या लगेच नंतर ‘लेफ्ट-टू-राइट मार्क’ हे अदृश्य चिन्ह घालायचं. विंडोजवरच्या वर्डमध्ये 200ई (शेवटचं अक्षर रोमन) टाइप करून आल्ट आणि एक्स दाबलं की ते येतं. आधी एक जागा सोडून टाइप करा, नाहीतर आधीची अक्षरंही त्यात ओढली जातात. मजकूर पाठवताना वर्ड फाइलबरोबर पीडीएफही जोडा. समोरच्याकडे फाँट नसेल तर निक्कूदच्या (हिब्रूतल्या स्वरांच्या) खुणा विस्कटतात.

कुटुंबांकडून मिळालेली कागदपत्रं, केतुबा (लग्नाचे करारपत्र), पत्रं यांचे फोटो गटात पाठवू नका. अभ्यासासाठी दाखवलेला कागद म्हणजे सहा अनोळखी माणसांच्या ईमेलमध्ये फिरवायची परवानगी नव्हे. वाचायला देताना वर्णन आणि तुमचा उतारा पुरतो, तोही घरच्यांना विचारून.

अर्जात ‘माझं संशोधन’ या रकान्यात प्रबंधाचा सारांश चिकटवू नका. कोणतं प्रकरण, आज किती शब्द आहेत, ऑगस्टमध्ये किती हवेत, आणि तुमचा भारतीय वेळेतला मोकळा तास कोणता, हे चार ओळींत लिहा. गट जुळवणाऱ्याला तेवढंच लागतं.