लवादाच्या कलमावर सही करण्याआधी

ताई, सदाशिव पेठेतला वाडा विकसनाला देताय, बिल्डरच्या मसुद्यात लवादाचं कलम आहे (म्हणजे वाद झाला तर कोर्टाऐवजी नेमलेला त्रयस्थ, म्हणजे लवाद, निवाडा देणार) आणि ‘निकाल पटला नाही तर कोर्टात जाऊच’ असं भाऊ म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. भावाच्या त्या वाक्यासाठीच हे लिहितोय. तसं जाता येत नाही.

लवादाच्या १९९६ च्या कायद्यात लवादाच्या निवाड्यावर कोर्टाच्या निकालावर असतं तसं अपील नाही. कलम ३४ खाली तो रद्द करून मागता येतो, पण मोजक्याच कारणांवर: बाजू मांडूच दिली नाही, कराराबाहेरच्या विषयावर निर्णय दिला, लाचलुचपत झाली, अशी. पुरावा पुन्हा तोलून निवाडा रद्द करायचा नाही, हे २०१५ च्या दुरुस्तीत स्पष्टच लिहिलंय.

आमच्या धायरीच्या जागेत हेच झालं. मोजणीचा नकाशा आमच्या बाजूने होता. लवादाने तो पाहिला आणि तरी समोरच्याच्या आर्किटेक्टचा दाखला मानला. पाऊण गुंठा गेला. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात वडील तो नकाशा उलगडून उभे राहिले. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, पुरावा नव्याने तोलणं माझ्या हातात नाही. वडिलांनी नकाशा त्याच जुन्या घड्यांवर दुमडला. ते हात मला अजून दिसतात.

मुदतही कडक आहे. निवाड्याची सहीची प्रत हातात पडल्यापासून ३ महिने, सबळ कारण असेल तर वर ३० दिवस, बस. शिवाय नुसता अर्ज टाकल्याने अंमलबजावणी थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.

वाड्यात जुने भाडेकरू असतील तर अजून एक गुंता. त्यांची सही तुमच्या करारावर नाही, आणि भाडे नियंत्रण कायद्याखालचे वाद लवादापुढे चालतच नाहीत. म्हणजे बिल्डरशी एकीकडे भांडायचं, भाडेकरूंशी लघुवाद न्यायालयात.

दिवाणी दावे वर्षानुवर्षं रखडतात, त्यामुळे लवाद नकोच असं मी म्हणणार नाही. पण ‘लवाद बिल्डर नेमेल’ हे वाक्य काढायला लावा. एका पक्षाने एकट्याने नेमणं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच नाकारलंय, तरी जुने मसुदे तसेच फिरतात. ‘निवाड्याला कारणं देण्याची गरज नाही’ असं कुठे असेल तर तेही खोडा. कारणंच नसतील तर चूक दाखवणार कशात? आणि लवादाचं ठिकाण पुणेच लिहून घ्या. तिथे दुसरं शहर असलं, तर कलम ३४ चा अर्जही त्याच शहरात जाऊन करावा लागेल.