लाल डागावर बोअर घ्यावा का?

खनिजशोधाबद्दल येणाऱ्या प्रश्नांत विचारणारा बदलतो, गोंधळ तोच राहतो. म्हणून या वेळी एकदमच उत्तरं देतो.

प्रश्न : उपग्रहचित्रात सोनं थेट दिसतं का?

उत्तर : नाही.

प्रश्न : एक कंपनी म्हणते, जमिनीखाली पाचशे मीटरपर्यंतचं सोनं आणि हिरे आम्ही अवकाशातून ओळखतो. आगाऊ रक्कम भरावी का?

उत्तर : भरू नका. दृश्य आणि अवरक्त प्रकाश टिपणारे संवेदक खडकाच्या वरच्या पापुद्र्यावरून परतलेला प्रकाश मोजतात. नखाच्या जाडीइतकंही खाली उतरत नाहीत. वर गवत असेल तर गवतच दिसतं. खडक उघडा असेल तर सोन्याच्या आसपास आढळू शकणारी लक्षणं दिसतात : गरम द्रावणांनी खडक बदलून तयार झालेलं केओलिनाइट, अ‍ॅल्युनाइट, सेरिसाइट किंवा गंजलेलं लोह. ती सोन्याविनाही भरपूर असतात. ‘पद्धत गोपनीय आहे’ हे वाक्य कानावर आलं की उठावं. उठवत नसेल तर एक साठा माहीत असलेली आणि एक कोरी ठरलेली जागा, नावं न सांगता त्यांच्यापुढे ठेवा.

प्रश्न : ‘अ‍ॅस्टर’ या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याची २०१५ची चित्रं उतरवली. चिकणमातीची खनिजं निघतच नाहीत. काय चुकलं?

उत्तर : वर्ष. ही खनिजं ओळखणारा त्याचा लघुतरंग अवरक्त संवेदक एप्रिल २००८मध्येच निकामी झाला. त्याआधीचं, कोरड्या ऋतूतलं चित्र घ्या. लँडसॅट ८ या उपग्रहाच्या पट्टा ६ आणि ७ (प्रकाशाचे दोन तरंगपट्टे) यांच्या गुणोत्तरातून चिकणखनिजांचा सुगावा लागतो, पण केओलिनाइट की सेरिसाइट हे ते सांगत नाही, आणि हिरवाईही तसाच उजळपणा दाखवते.

प्रश्न : हवाई चुंबकीय सर्वेक्षणाचा रंगीत नकाशा पीडीएफमध्ये मिळाला. मधोमध मोठा लाल डाग आहे. ठेकेदार म्हणतो, मशीन लगेच लावू. डागाच्या मध्यावर बोअर घ्यावा का?

उत्तर : मशीन थांबवा. या प्रश्नाने माझे केस पांढरे केलेत.

तो लाल रंग किती नॅनोटेस्लाचा (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक)? बाजूच्या पट्टीवर आकडे आहेत का? सॉफ्टवेअर हाती असलेल्या मूल्यांतली सर्वांत वरची मूल्यं लाल रंगवतं. अख्खा परिसर सपाट असला तरी कुठेतरी लाल येणारच. सगळा वर्ग नापास झाला तरी पहिला नंबर कुणाचा तरी येतोच, तसं.

शिवाय डागाखाली खडक असतोच असं नाही. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिरकं, त्यामुळे उत्तर गोलार्धात मध्यम अक्षांशांवर चुंबकीय मूल्यांचा उंचवटा दक्षिणेला सरकतो आणि उत्तरेला खळगा पडतो. चुंबकीय विषुववृत्ताजवळ तर मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचा साठा बहुधा निळ्या खळग्याखाली सापडतो. नकाशा ध्रुवावर मोजल्यासारखा करून देणारं गणित आहे, पण विषुववृत्ताजवळ ते डगमगतं, आणि खडकात जुनं चुंबकत्व टिकून असेल तर फसवतं.

उड्डाणरेषांमधलं अंतर विचारलंत? रेषा ४०० मीटरवर आणि नकाशाचा ग्रिड (चौकटींची जाळी) २० मीटरचा असेल, तर मधलं सगळं संगणकाचा अंदाज. तिरका गेलेला अरुंद डाइक (भेगेत घुसून थिजलेल्या खडकाची भिंत) अशा नकाशात मण्यांच्या माळेसारखा दिसतो आणि लोक एकेका मण्यावर बोअर ठरवतात. एका सुबक गोल डागापर्यंत मी स्वतः दीड तास चालत गेलो आहे. तिथे गंजक्या पत्र्यांचं गोदाम होतं. उड्डाणाच्या व्हिडिओत ते स्पष्ट दिसत होतं. कुणी व्हिडिओ उघडलाच नव्हता.

तेव्हा रेषांवरची मूळ मोजमापं, उड्डाणाची उंची, बेस स्टेशनची (जमिनीवर एका जागी ठेवलेल्या चुंबकमापकाची) नोंद आणि केलेल्या दुरुस्त्यांचा अहवाल मागा. कां-कूं केली तर उरलेलं बिल अडवा. मग ठेकेदाराशी संबंध नसलेल्या भूभौतिक तज्ज्ञाकडून एक नव्हे, चार-पाच मॉडेलं करून घ्या, कारण उथळ लहान आणि खोल मोठा खडक जवळपास सारखीच विसंगती (आसपासपेक्षा वेगळं मोजमाप) देऊ शकतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऑलिंपिक डॅम या तांब्याच्या मोठ्या साठ्यावर गुरुत्वीय आणि चुंबकीय विसंगती दोन्ही होत्या, भूवैज्ञानिकांचा अभ्यासही होता. १९७५च्या पहिल्या बोअरने तांबं दाखवलं, तरी साठ्याचा खरा आवाका दहाव्या बोअरला कळला. तुमच्याकडे एक पीडीएफ आहे.

प्रश्न : विद्युतचुंबकीय विसंगतीवर बोअर घेतला. बोटं काळी करणारा मऊ खडक निघाला. आता काय?

उत्तर : ग्राफाइट असावा. बोअरच्या आधी विचारायचं होतंत. विद्युतचुंबकीय मापन वीज वाहणारं काहीही दाखवतं, आणि ग्राफाइट, खारं भूजल, ओली चिकणमाती हे सगळे उत्तम वाहक. उलट जस्ताचं स्फॅलेराइट वीज जवळपास वाहतच नाही. ग्राफाइट हलका, सल्फाइड (गंधकयुक्त धातुखनिज) जड, म्हणून त्याच पट्ट्यावर गुरुत्वमापन केलं असतं तर फरक कळला असता. मात्र स्थानकांची उंची सेंटिमीटरच्या हिशेबात हवी. एका मीटरच्या चुकीने सुमारे ०.२ मिलीगॅल (गुरुत्व मोजायचं एकक) इकडचे तिकडे होतात आणि लहान साठ्याचा संकेत तेवढाच असू शकतो. बोअरमधून निघालेला खडकाचा गाभा फेकू नका. त्याची घनता आणि वाहकता प्रयोगशाळेत मोजून घ्या, आणि दुसरा बोअर तज्ज्ञाने आकडे पाहिल्यावरच.

प्रश्न : हवाई किरणोत्सार सर्वेक्षणात युरेनियम किती खोलवरचं कळतं?

उत्तर : वरच्या जेमतेम हातभर मातीतलं. पाऊस नुकताच पडला असेल तर तेही नीट नाही. जमीन वाळू द्या.