‘डब्यात कपाट ठेव’ : जीभ घसरली की व्याकरण चुकले?

प्रश्न असा आहे : घाईत ‘कपाटात डबा ठेव’ म्हणायचे होते आणि तोंडून निघाले ‘डब्यात कपाट ठेव’. याला जीभ घसरणे म्हणावे की व्याकरणाची चूक?

व्याकरणाची चूक मुळीच नाही. शब्दांची जागा चुकली, पण व्याकरण चोख चालले. ‘त’ हा प्रत्यय होता तिथेच, पहिल्या शब्दाला चिकटून राहिला. ‘डबा’ त्या जागी आला आणि त्याचे ‘डब्या’ झाले. ‘कपाट’ तिथून निघाले आणि त्याचे ‘कपाटा’ हे सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे होणारे बदललेले रूप, सुटले. तयार रूपांचीच अदलाबदल झाली असती, तर ‘डबा कपाटात ठेव’ असे निर्दोष वाक्य मिळाले असते. सामान्यरूप आधी ठरून नंतर शब्द हलले असते, तर ‘डबात कपाटा ठेव’ असे काहीतरी ऐकू आले असते. तसे कोणी बोलत नाही.

म्हणजे वाक्याचा सांगाडा प्रत्ययासकट आधी उभा राहतो, शब्द त्यात बसतात आणि त्यांची रूपे त्यानंतर ठरतात. गफलत मधल्या पायरीवर होते. भाषेच्या मानसशास्त्राचे अभ्यासक मेरिल गॅरेट यांनी १९७५ साली इंग्रजी चुकांवरून असाच पायऱ्यांचा क्रम मांडला होता : शब्द जागा बदलतात, प्रत्यय मागे राहतात. आपल्या सामान्यरूपामुळे मराठीत तो अधिक ठळक दिसतो, आणि मला या उदाहरणाचे मोल त्यासाठीच वाटते.

‘जीभ घसरणे’ हा प्रयोग रूढ आहे, तो खुशाल वापरावा. मात्र इथे जिभेने सांगितलेले काम बिनचूक केले आहे. भाषणात कोणी अपशब्द वापरला की बातमीत ‘जीभ घसरली’ येते, तो अर्थ निराळा. भीतीने बोबडी वळते तेही वेगळे.

ध्वनींच्या चुका याच्या पुढच्या पायरीवरच्या. ‘लाल पतंग’चे ‘पाल पतंग’ होते, कारण ‘लाल’ उच्चारताना ‘पतंग’ची जुळणी सुरू झालेली असते. ‘पाटी कोरी’चे ‘काटी पोरी’ होते तेव्हा आद्य व्यंजन आद्य व्यंजनाच्याच जागी जाते, स्वर हलत नाहीत. शब्द एकमेकांपासून लांब असूनही जागा बदलतात, आणि सहसा नामाशी नामच; ध्वनी मात्र बहुधा शेजारच्या शब्दातून येतात. चुकीतून निघालेला उच्चारही सहसा भाषेच्या नियमात बसतो. भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी १९७१ च्या लेखात हे इंग्रजी उदाहरणांनी दाखवले. ‘पाल’ हा खरा शब्द आहे हेही लक्षात घ्यावे : बार्स, मोटली आणि मॅके या संशोधकांच्या १९७५ च्या प्रयोगांत, ज्या चुकीतून खरा शब्द तयार होतो ती चूक निरर्थक अक्षरे देणाऱ्या चुकीपेक्षा जास्त वेळा झाली.

मनोविश्लेषक फ्रॉइड यांनी १९०१ मध्ये अशा चुकांमागे दबलेल्या इच्छा शोधल्या. ‘डब्यात कपाट’साठी मला त्याची गरज वाटत नाही, सांगाड्यातली अदलाबदल हे पुरेसे कारण आहे.

अशी वाक्ये कानी पडली तर जशीच्या तशी टिपून ठेवा, आणि म्हणायचे काय होते तेही सोबत लिहा. भूतकाळी वाक्ये विशेष जपा. ‘कपाटात डबा ठेवला’ उलटले की ‘डब्यात कपाट ठेवले’ येते की ‘ठेवला’च राहते, त्यावरून क्रियापदाचे लिंग अदलाबदलीच्या आधी ठरले की नंतर, ते कळेल.